स्नो ब्लोअरची खरेदी आणि मुंबईतून दिलेला सल्ला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या पालकांसाठी आपल्या पुरवणीत अधूनमधून उपयुक्त मजकूर येत असतो. सामानात काय न्यावे, प्रवासाचा विमा कसा काढावा, तिकडच्या थंडीत औषधे कशी सांभाळावीत, यांविषयीची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. मात्र ज्या वस्तूवरून आमच्या घरात सर्वांत जास्त फोनाफोनी झाली आणि जिच्याबाबतीत मी दिलेला सल्ला आम्हाला सर्वांत महाग पडला, त्या वस्तूविषयी कुठे काही वाचनात आले नाही. ती वस्तू म्हणजे घरगुती स्नो ब्लोअर, म्हणजेच दारातला बर्फ ओढून घेऊन बाजूला फेकणारे यंत्र. मुंबईच्या वृत्तपत्रात या यंत्राचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण मुलुंड, ठाणे, डोंबिवली, पार्ले, दादर अशा ठिकाणच्या कितीतरी घरांतली मुले आज बर्फाच्या प्रदेशात स्वतःची घरे घेऊन राहत आहेत, आणि मोठी खरेदी करायची झाली की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती अजूनही आपल्याला विचारतात. आपणही, त्या वस्तूची माहिती असो वा नसो, जन्मभराच्या काटकसरीच्या सवयीने उत्तर देऊन मोकळे होतो. हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे.

मी भांडुपच्या एका कारखान्यात देखभाल विभागात चौतीस वर्षे नोकरी केली. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत बफेलो शहराच्या एका उपनगरात राहतात. हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवर गोठलेले नसते, त्यामुळे त्यावरून वाहणारा अतिथंड वारा पाण्याची वाफ उचलतो आणि किनारा ओलांडताच ती बर्फाच्या रूपाने टाकून देतो. आपल्या सह्याद्रीला ढग अडतात तेव्हा जसा एका गावात मुसळधार पाऊस आणि दहा मैलांवर ऊन असते, तसाच हा बर्फही अरुंद पट्ट्यात पडतो, आणि पडतो तेव्हा बेसुमार पडतो. तेथील वार्षिक सरासरी आठ फुटांच्या आसपास आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क भागात एकाच वादळात सहा फुटांहून अधिक बर्फ पडला होता.

तिथे घर घेतल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात जावयांनी विचारले, "बाबा, बाराशे डॉलरचे नवीन यंत्र घेऊ का?" मी डॉलरला ऐंशीने गुणले आणि लाखभर रुपयांचा आकडा ऐकून माझी पत्नीही गप्प झाली. वर्षातून चार महिने लागणाऱ्या वस्तूला लाख रुपये कशाला, कोणाचे तरी जुने बघा, यंत्र चांगले असेल तर वीस वर्षे चालते, असे मी सांगितले. गाव सोडून जाणाऱ्या एका गृहस्थाकडून त्यांनी तीनशे डॉलरला जुने यंत्र घेतले. इंजिन उत्तम होते. फक्त एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. यंत्राच्या मुठीवर जो दांडा सतत दाबून धरावा लागतो, म्हणजे हात सुटला की पाती थांबावीत, तो दांडा आधीच्या मालकाने प्लास्टिकच्या पट्टीने मुठीला आवळून ठेवला होता. हात दुखतो म्हणून.

मार्च महिन्यात, तापमान शून्याच्या आसपास असताना, ओला आणि जड बर्फ पडला. बर्फ बाहेर फेकणारी नळी चोंदली. जावयांनी इंजिन बंद केले, हे मी मुद्दाम लिहितो आहे, आणि हातमोजा घातलेला हात नळीत घालून बर्फाचा गोळा ओढला. गोळा निघाला त्याच क्षणी आतले पाते झटकन फिरले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे वरचे पेर गेले.

फोनवर हे ऐकले तेव्हा बंद यंत्राने बोट कसे तोडले हे पत्नीला समजेना, पण मला ते ऐकताक्षणी समजले, आणि म्हणूनच त्या रात्री मला झोप लागली नाही. दांडा बांधलेला असल्यामुळे इंजिनाचा जोर पात्यांना पोहोचवणारा पट्टा ताणलेलाच राहिला होता. इंजिन थांबले तरी चोंदलेल्या पात्यात आणि ताणलेल्या पट्ट्यात जोर साठून राहिला होता. अडकलेला गोळा निघाला आणि तो जोर सुटला. आमच्या कारखान्यात पॉवर प्रेसला दोन बटणे असायची, दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, आणि काम लवकर उरकावे म्हणून एक बटण रबराने दाबून ठेवणारे कामगार मी स्वतः पकडलेले आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात फिरत्या भागांना आडोसा असलाच पाहिजे असे कलम २१ आहे. ते कलम मी नव्या मुलांना पाठ करून घेत असे. आणि स्वतःच्या जावयाला यंत्र घ्यायला सांगताना मी फक्त किंमत विचारली.

अमेरिकेतील हाताच्या शल्यचिकित्सकांची संघटना दर हिवाळ्यात हाच इशारा देत असते, की इंजिन बंद असले तरी नळीत हात घालू नका. तिकडे दरवर्षी हजारो लोक या यंत्राने जखमी होऊन रुग्णालयात जातात. अपघात बहुधा ओल्या, जड बर्फात होतात, कारण भुसभुशीत बर्फ सुरळीत उडून जातो आणि ओला बर्फ नळीत थापला जातो. उसाच्या चरकात बोटे जाऊ नयेत म्हणून रसवाला जी काळजी घेतो, ती इथे प्रत्येक घरमालकाने घ्यायची असते आणि त्याला ती कोणी शिकवलेली नसते.

त्यानंतरच्या सप्टेंबर महिन्यात आम्ही दोघे तिकडे गेलो आणि नवीन यंत्र निवडण्याचे काम मी अंगावर घेतले. तीन आठवडे मी दुकाने पालथी घातली, माहितीपुस्तिका वाचल्या, शेजाऱ्यांची यंत्रे उघडून पाहिली. त्यातून जे कळले ते इथे लिहितो, कारण व्हिडिओ कॉलवर सल्ला देणाऱ्या पालकाला निदान योग्य प्रश्न तरी विचारता आले पाहिजेत.

पहिला प्रश्न जागेचा आणि वजनाचा. मुलीच्या घराचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट, चाळीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद आहे. सहाशे चाळीस चौरस फूट म्हणजे मुंबईत एक चांगला वन बीएचके होतो. या जागेवर एक फूट ताजा, कोरडा बर्फ पडला, तर त्याचे घनफळ सुमारे अठरा घनमीटर भरते. ताज्या बर्फाचे वजन पाण्याच्या साधारण एकदशांश धरले तरी ते अठराशे किलो होते, आणि ओला बर्फ असेल तर त्याच्या तिप्पट. दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी, असा हा ढोबळ हिशेब आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेच पाणी या हिशेबाने बर्फ होऊन पडले असते तर नऊ मीटरचा थर झाला असता. हे मुलीला सांगितल्यावर तिने विचारले, "मग बाबा, फावड्याने अठराशे किलो उचलायचे का?" त्याचे उत्तर नाही असेच आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि त्यातच एरवी बैठे काम करणारा माणूस सकाळी उठून तासभर फावडे मारतो. हृदयविकाराचे झटके अशा सकाळी येतात, आणि तिकडचे डॉक्टर त्याबद्दल दरवर्षी बजावत असतात. मुलांकडे राहायला गेलेल्या साठीच्या पुढच्या वडिलांनी तर "तेवढाच व्यायाम" म्हणून फावडे हातात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण वाटेवरचा बर्फ ही खरी परीक्षा नव्हे. खरी परीक्षा वाटेच्या तोंडाशी असते. नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे पुढे फाळ लावलेला ट्रक, रस्त्यावरून जातो आणि रस्त्यातला सगळा बर्फ कडेला ढकलत प्रत्येक घराच्या तोंडाशी एक बांध घालून जातो. शेताच्या बांधासारखाच तो दिसतो. हा बर्फ दाबला गेलेला, रस्त्यावर टाकलेल्या मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, ढेकळांनी भरलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. दुकानात यंत्र पाहताना सगळे जण किती फूट लांब फेकते ते विचारतात. विचारायचे ते हे, की बांधाचा दगडासारखा बर्फ हे यंत्र खाते की त्यावर नुसते चढते.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात एकच फिरता भाग असतो. रबराची किनार असलेली पाती जमिनीला घासत बर्फ गोळा करतात आणि तीच तो नळीतून फेकतात. याला सिंगल स्टेज म्हणतात. ते हलके असते, एका माणसाला उचलता येते, अठरा ते बावीस इंच रुंदीची वाट काढते, सात-आठ इंचांपर्यंतचा बर्फ सहज संपवते आणि जमीन अगदी स्वच्छ करते. वाट खडीची असेल तर मात्र ते घेऊ नये, कारण पाती जमिनीला टेकत असल्यामुळे खडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे टू स्टेजमध्ये, पुढे दातेरी पोलादी मळसूत्र असते. त्याला ऑगर म्हणतात. पिठाच्या गिरणीतल्या किंवा सिमेंटच्या कारखान्यातल्या स्क्रू कन्व्हेयरप्रमाणे ते बर्फ फोडून मध्यभागी आणते, आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचे फिरते चक्र, जो आपल्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरचाच भाऊबंद आहे, तो बर्फ नळीतून फेकतो. चाके इंजिनावर चालतात, त्यामुळे ढकलावे लागत नाही. दोन्ही बाजूंना असलेल्या सरकत्या पट्ट्यांनी ऑगरची जमिनीपासूनची उंची ठरवता येते, म्हणून खडीवरही ते चालते. तिसरा, थ्री स्टेज म्हणून मिळतो, त्यात मध्ये आणखी एक वेग वाढवणारे मळसूत्र असते. घरगुती कामाला त्याची गरज मला पटली नाही.

रोहतांग आणि झोजिला येथे सीमा रस्ते संघटना बर्फाच्या भिंती कापत रस्ता मोकळा करते, त्याची छायाचित्रे आपणही छापता. कमानीसारखा बर्फ उडवणारी ती यंत्रे याच जातीची असतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९२५ मध्ये पहिला यशस्वी स्वयंचलित स्नो ब्लोअर बनवला, आणि धान्याचे मळणीयंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. ऑगर पाहताना मला ते पटले. ओढून घेणे आणि फेकणे, एवढेच ते काम आहे, आणि म्हणूनच जे जवळ येईल ते ते ओढून घेते, मग तो बर्फ असो, दाराचे पायपुसणे असो, विजेची वायर असो किंवा हातमोजा असो. तिकडे सकाळचे वर्तमानपत्र गुंडाळी करून वाटेवरच टाकून जातात, ते रात्रीच्या बर्फाखाली गाडले जाते आणि यंत्राच्या तोंडात सापडते. गोठलेल्या वर्तमानपत्राचा लगदा ऑगरमधून सोडवायला एका शेजाऱ्याला माझ्यासमोर पाऊण तास लागला. आपल्या क्षेत्रातली गोष्ट म्हणून लिहिले.

आता इंजिन की बॅटरी. तारेवर चालणारी विजेची यंत्रे सर्वांत स्वस्त, पण तिकडे घरगुती वीज १२० व्होल्टची आणि साधे सर्किट पंधरा अँपिअरचे, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट, अडीच अश्वशक्तीही नाही. जिने आणि लहान अंगण यांपलीकडे त्यांचा उपयोग नाही, शिवाय वायर सतत पायात येते. बॅटरीची यंत्रे मला मनापासून आवडली. धूर नाही, आवाज कमी, कार्ब्युरेटर नाही, दोरी ओढणे नाही. टोरांटोतल्या रांगेतल्या घराला किंवा न्यू जर्सीतल्या लहान वाटेला बॅटरीवरचे सिंगल स्टेज यंत्र पुरेसे आहे, आणि तिथल्या मुलांना पेट्रोलचे यंत्र घ्या असा आग्रह कोणी करू नये. लिथियम बॅटरी थंडीत कमी काम देते आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करणे तिला मारक असते. म्हणून ती घरात ठेवावी आणि घरातच चार्ज करावी. बफेलोला मात्र वादळ दोन-दोन दिवस चालते, वाट एका दिवसात तीनदा काढावी लागते, आणि तेवढा वेळ चालेल असे बॅटरीचे टू स्टेज यंत्र आमच्या आवाक्याबाहेर जात होते. आम्ही पेट्रोलचे घेतले.

पेट्रोलच्या यंत्राची अडचण बहुधा इंजिनात नसते, टाकीत असते. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. आपल्याकडे तर आता वीस टक्क्यांचे मिश्रण पंपावर मिळते, त्यामुळे हा विषय आपल्याला नवीन नाही. इथेनॉल हवेतली ओल धरते, आणि आठ महिने टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बंद करते. मग डिसेंबरच्या पहिल्या वादळात यंत्र सुरू होत नाही आणि दोष कंपनीला दिला जातो. हिवाळा संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, किंवा पेट्रोल टिकवणारे रसायन घालून ठेवावे. लहान इंजिनांसाठी दहा टक्क्यांहून जास्त इथेनॉलचे पेट्रोल घेऊ नये, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते, ते वाचावे. गॅरेजचे दार उघडे असले तरी आत इंजिन सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेजला लागूनच झोपायच्या खोल्या असतात.

रुंदी निवडताना जावयांचा कल तीस इंचांच्या यंत्राकडे होता. मोठे यंत्र म्हणजे कमी फेऱ्या, हे बरोबर आहे, पण ते यंत्र वळवायचे कोणी हा प्रश्न मी मुलीला विचारला, कारण जावई आठवड्यातले तीन दिवस पहाटेच कामावर जातात आणि बांध सकाळी सातला पडतो. एका मोठ्या दुकानात खोक्यांची चळत होती आणि विक्रेत्याला फक्त सवलतीचा दर माहीत होता, त्यामुळे आम्ही तेथून बाहेर पडलो. दुसरे दुकान लहान होते, दुरुस्तीचे वर्कशॉप मागेच होते, आणि जोडलेली यंत्रे जमिनीवर उभी होती. तिथे मी मुलीला तिचे जाडजूड हिवाळी हातमोजे घालायला लावले आणि प्रत्येक यंत्राचा दांडा दाबून धरायला सांगितले. पहिल्या यंत्राचा दांडा तिच्या बोटांना पुरत नव्हता. दुसऱ्याचा पुरला, पण वळवताना तिला दोन्ही पाय रोवावे लागले. तिसरे चोवीस इंचांचे, वजनाने नव्वद किलोच्या आसपास, आणि मुठीखालची कळ दाबली की त्या बाजूचे चाक मोकळे होऊन यंत्र जागच्या जागी वळत होते. तिने ते दुकानाच्या फरशीवर दोन वेळा गोल फिरवून दाखवले. आम्ही तेच घेतले.

त्या यंत्रात आणखी एक सोय होती, आणि ती मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. दोन दांडे असतात, एक चाकांचा आणि एक ऑगरचा. चाकांचा दांडा धरलेला असताना ऑगरचा दांडा आपोआप खाली राहतो, त्यामुळे एक हात नळीची दिशा बदलायला मोकळा मिळतो, आणि चाकांचा दांडा सोडला की दोन्ही थांबतात. दांडा बांधून ठेवण्याचे कारणच उरत नाही. सुरक्षेची सोय कामाच्या आड येत असेल तर कामगार तिला बांधतो, हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे. त्यामुळे ती आड येणार नाही असे यंत्र निवडणे हेच शहाणपणाचे. जुने यंत्र घ्यायचेच असेल, आणि पैशांची अडचण प्रत्येकाला असू शकते, तर इंजिन सुरू करून दांडे सोडून पाहावेत. पाती काही सेकंदांत थांबली नाहीत तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

शिअर पिनविषयी एवढेच, की ऑगरमध्ये दगड अडकला तर गिअरबॉक्स वाचावा म्हणून ही पिन मुद्दाम कमजोर केलेली असते आणि ती तुटणे हेच तिचे काम आहे. ती तुटली म्हणून हाताला लागेल तो कडक बोल्ट घालणे म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार घालणे. चार सुट्या पिना यंत्राबरोबरच घेऊन ठेवाव्यात. इंजिनाचा आकार आता अश्वशक्तीत क्वचितच सांगतात, घनसेंटीमीटरमध्ये सांगतात. चोवीस इंचांच्या यंत्राला दोनशेच्या थोडे वर असले तरी पुरते. विजेचा स्टार्टर असावा, दिवा असावा, कानांवर बसणारे आवाजरोधक घ्यावेत. गरम होणाऱ्या मुठी आम्ही घेतल्या नाहीत.

काही घरांना यंत्राची मुळीच गरज नसते, हेही सांगायला हवे. इमारतीत किंवा सोसायटीसारख्या वसाहतीत राहणाऱ्यांच्या वाटा व्यवस्थापनच साफ करते. स्वतंत्र घर असले तरी पूर्ण हंगामाचा ठेका घेऊन ट्रकला फाळ लावून येणारे लोक तिकडे आहेत, आणि ज्या घरात दोघेही सकाळी बाहेर पडतात किंवा कोणाला पाठीचा, हृदयाचा त्रास आहे, तिथे मी ठेक्याचाच सल्ला देईन. पण पालकांकडून अनेकदा अडवणूक होते ती इथेच. बर्फ काढायला माणसाला पैसे द्यायचे, ही कल्पना आपल्याला उधळपट्टी वाटते. मलाही वाटली होती.

खरेदीची वेळ गणपती ते दसरा. बफेलोला नोव्हेंबरमध्ये पहिले मोठे वादळ येऊ शकते आणि त्याच्या आदल्या दिवशी दुकानात यंत्र शिल्लक राहत नाही, राहिले तर जोडून मिळत नाही, आणि घाईत जे हाती येईल ते घेतले जाते. माझी आपल्याला विनंती आहे, की पालकांसाठीच्या पुरवणीत दरवर्षी या सुमारास या यंत्राविषयी, त्यापासून होणाऱ्या इजांविषयी थोडी तरी जागा द्यावी. आणि ज्या वाचकांची मुले बर्फात राहतात, त्यांनी या रविवारी फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात. यंत्राचा दांडा सोडल्यावर पाती थांबतात का, आणि नळी चोंदली तर तुम्ही ती कशाने साफ करता?

आमच्या यंत्राबरोबर नळी साफ करायची प्लास्टिकची एक काठी आली, तिला यंत्रावरच अडकवायची जागा होती. ती जागा पाठीमागे होती आणि बर्फात सहज दिसली नसती, म्हणून मी ती काठी दोन क्लिपांनी नळीच्या शेजारी, डोळ्यांसमोर बसवली. खंडेनवमीला कारखान्यात आम्ही मेन स्विच काढून, प्रत्येक यंत्र पुसून, झेंडूचा हार घालत असू. त्या वर्षी दसऱ्याला मुलीने गॅरेजमध्ये यंत्राला हळदकुंकू वाहिले. जावयांनी नवीन पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने मराठीत लिहिले, "इंजिन बंद. किल्ली खिशात. दांडे मोकळे. मग काठी." लिहिताना पेन त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरले होते, कारण मधले बोट आता पेनापर्यंत पोहोचत नाही. ती पट्टी मुठींच्या बरोबर मध्ये चिकटवलेली आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त देखभाल अभियंता,
मुलुंड (पूर्व), मुंबई